दाराबाहेरचा बाक

मी ग्दिन्याच्या बंदरात क्रेन चालवतो.
तीस टनांचा कंटेनर
बशीत कप ठेवावा तसा जहाजावर ठेवतो.
आणि घरी सहा वर्षांची यागोदा
ऑक्टोबरपासून रोज गादी ओली करायची,
घास गालात धरून भिंतीकडे बघत बसायची,
तर मला तिथं काही उचलता येईना.

शाळेतून चिठ्ठी आली. चिठ्ठीत पत्ता.
पत्त्यावर मिरोस्लावाबाई,
पिकलेले केस, गुडघ्यांवर ठिगळं लावलेली पँट.
खोलीत वाळूची पेटी, ढोलकं,
एक पाय नसलेला घोडा.
"हिच्याशी खेळायचे पैसे घेता?" मी विचारलं.
"घेते," म्हणाल्या. "तुम्ही फुकट खेळता का कधी?"

मग सांगत गेल्या, मी पगाराच्या पावतीमागं लिहीत गेलो.
ठेवणीतले कपडे घालून आणू नका.
वेळ चुकवू नका, ती तासाकडे डोळे लावून असेल.
बाहेर आली की विचारू नका, काय खेळलीस,
बाईंना सांगितलंस का.
मधे काही दिवस जास्तच बिघडेल,
तेव्हाच नेमकं थांबवाल. थांबवू नका.
आतलं सगळं तुम्हाला सांगणार नाही.
जिवावरचं असेल तर सांगेन.

दाराबाहेर बाक होता, माझ्या मापाचा नव्हता.
शेजारी एक बाई विणत बसायची,
चार आठवडे तोच पायमोजा.
आतून ढोलकं. मग काहीच नाही.
मग बाईंचा आवाज, अगदी सपाट:
"तुला आणखी खोल हवंय."
शाबास नाही, छान नाही, असं का गं नाही.
ह्याचे पैसे, मी मनात म्हणायचो.

पाचव्या आठवड्यात ती आईला चावली.
दोरोतानं हात नळाखाली धरला आणि म्हणाली,
"तूच नेत जा. मला त्या बाकावर बसवत नाही."
मी नेत गेलो. परतताना ट्रॉलीबसमध्ये
ओठ घट्ट मिटून बसायचो,
आणि जिन्यात तिचे बूट झटकायचो.
केवढी वाळू निघायची त्या एवढ्याशा बुटांतून.

फेब्रुवारीतला रविवार. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही,
पाण्याच्या कडेला बर्फाची साय.
यागोदानं हातमोजा काढला,
त्यात एक अक्रोड घातला,
बोटं लाल होईतो खड्डा खणला.
"बाबा, तू इथं बस. बोलायचं नाही."
बसलो. तिनं वाळू लोटली, वर तळहात ठेवला.
मला बाईंचा सपाट आवाज आठवला.
"तू हळूच थापतेयस," मी म्हणालो. एवढंच.
"नाहीतर उठेल ना तो."

कोण, हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता.

सप्टेंबरातली ती रात्र. रुग्णवाहिका.
दोरोता चौथ्या दिवशी परतली, हात रिकामे.
त्याआधीच पाळणा मी तळघरात नेला होता,
मोजे घालून, पायऱ्या वाजू नयेत म्हणून.
पोरगी झोपली होती.
झोपली होती असं आम्ही धरून चाललो,
आणि तिच्याशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

किती वेळ बसलो कोण जाणे. पँट ओली झाली.
मग ती उठली, म्हणाली, "भूक लागली."
"हातमोजा?" मी विचारलं.
(हा प्रश्न चालतो का, लिहून घेतलेलं नव्हतं.)
"राहू दे. त्याला थंडी वाजेल."
घरापर्यंत तिचा उघडा हात माझ्या खिशात होता,
किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर.

रात्री दोरोताला सांगितलं.
तिनं बराच वेळ दिवा लावू दिला नाही.
यागोदाला सांगायचं, इथवर ठरलंय. कसं, ते नाही.
बुधवारी दहा मिनिटं आधी जाणार आहे,
मिरोस्लावाबाईंकडे, आम्हा दोघांसाठी वेळ मागायला.